रुळांवरचे विज्ञान मुलांच्या हाती: रेल्वे कोपऱ्यासाठी सूचना हव्या आहेत

लोहगामी

नमस्कार. आमच्या गावातल्या एका शाळेचे सभागृह मे महिन्यात रिकामे असते. तिथे पंधरा दिवसांसाठी आठ ते तेरा वर्षांच्या मुलांचा रेल्वे कोपरा उभारायचे आम्ही पाच-सहा पालकांनी ठरवले आहे. पैसे बेताचेच आहेत, पण दोन सुतार, एक वेल्डर आणि भंगारवाल्याची ओळख एवढे भांडवल आहे.

कल्पना कुठून सुचली ते आधी सांगते. गेल्या वर्षी एका संग्रहालयात (नाव मुद्दाम देत नाही) माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने एकामागून एक अकरा बटणे दाबली. प्रत्येक वेळी काचेमागे एखादी गाडी हलली किंवा दिवा लागला. बाहेर आल्यावर "काय पाहिलेस?" असे विचारले, तेव्हा तिने प्रामाणिकपणे "बटणे" असे उत्तर दिले. म्हणून आमच्या कोपऱ्याचा पहिला नियम ठरला की बटण एकही नको. दुसरा नियम असा की प्रत्येक टेबलावर मुलाचा पहिला अंदाज चुकायला वाव हवा आणि ती चूक पाटीवर वाचून न कळता हातात घेतलेल्या वस्तूनेच दाखवून द्यायला हवी.

पहिले टेबल तयार आहे. गाडी रुळांवरून खाली का पडत नाही, असे कोणालाही विचारा; चाकाला आतल्या बाजूने कडा असते म्हणून, असे उत्तर येते. मीही अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत हेच सांगत असे. वास्तविक ती कडा शेवटचा आधार आहे. रोजचे काम चाकाचा उतार करतो. रेल्वेचे चाक नळकांड्यासारखे सपाट नसते. कडेकडून बाहेरच्या बाजूला ते किंचित निमुळते होत जाते आणि हा उतार परंपरेने वीसास एक असा ठेवला जातो. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्यामुळे दोघांचे फेरे सारखेच होतात आणि मोटारीतल्यासारखी डिफरन्शियलची, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याची, सोय तिथे नसते. जोडी डावीकडे सरकली की डावे चाक आपल्या जाड भागावर आणि उजवे चाक बारीक भागावर चालू लागते. त्यामुळे डावी बाजू एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि जोडी आपोआप उजवीकडे वळून मधोमध येते. वळणावर बाहेरच्या रुळाचे जास्तीचे अंतरही हीच युक्ती भागवते.

हे टेबलावर आणायला चहाचे कागदी कप पुरतात. दोन कप तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडले की मध्ये फुगीर जोडी होते आणि बुडाला बूड लावून जोडले की मध्ये बारीक जोडी होते. वायरिंगच्या दोन प्लॅस्टिक नळ्या समांतर ठेवून एका टोकाला थोडा उतार द्यायचा आणि मुलांना विचारायचे की यांतली कोणती जोडी शेवटपर्यंत जाईल. दहांपैकी आठ मुले मध्ये बारीक असलेली जोडी निवडतात, कारण ती रुळांत अडकून बसेल असे त्यांना वाटते. ती जोडी हातभर जाऊन खाली पडते. फुगीर जोडी तिरकी सोडली, तरी डुलत डुलत मध्यावर येते. माझ्या मुलीने हा प्रयोग सलग तेवीस वेळा केला आणि तेवढ्यात माझा चहा थंड झाला.

आणखी आठ-नऊ टेबलांना जागा आहे. आपल्या सूचना हव्या आहेत. आक्षेप असतील तर ते आधी सांगावेत.

घाटमाथा

उत्तम उपक्रम. मी कर्जतचा असल्यामुळे चढाचे टेबल मागणारच. बोरघाटात सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक आहे. मुलांना हा आकडा सांगून काहीच कळत नाही. त्यासाठी 1 मीटर 85 सेंटिमीटरची फळी घेऊन तिचे एक टोक केवळ 5 सेंटिमीटर उचलायचे. त्याला चढ म्हणायलाही मुले तयार होत नाहीत. सायकलवरून तर तो सहज चढता येतो. मग याच चढासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने का लावतात?

उत्तर घर्षणात आहे. सपाट रुळांवर एक टन वजन हलते ठेवायला साधारण दोन किलो वजनाएवढा जोर पुरतो, कारण पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. सदतीसास एक चढावर त्याच एका टनासाठी 1000 भागिले 37, म्हणजे 27 किलोंचा जोर आणखी लागतो. ज्याला सपाटीवर दोन लागत होते त्याला आता एकोणतीस लागतात! रस्त्यावरच्या ट्रकला सपाटीवरच दहा-बारा किंवा अधिक लागत असल्याने त्याला हा फरक एवढा जाणवत नाही. रेल्वेचा जो गुण तोच घाटात तिचा अवगुण होतो, हे मुलांना ताणकाट्यावर स्वतः वाचता आले पाहिजे. चाके लावलेली पेटी, आत विटा, आधी सपाट फळीवर आणि मग 5 सेंटिमीटर उचललेल्या फळीवर ओढायची, एवढेच करायचे. पेटीची चाके जितकी गुळगुळीत फिरतील तितका फरक ठळक दिसेल, म्हणून बेअरिंगवर कंजुषी करू नये.

याच फळीचे टोक सव्वानऊ सेंटिमीटर उचलले की वीसास एक होते. हा नेरळ-माथेरानचा चढ. 1907 साली सुरू झालेली ती गाडी दोन फुटी रुळांवरून हा चढ चढते.

लोहगामी

घाटमाथा, फळीचे माप वहीत उतरवले. 27 आणि 2 हे आकडे पाटीवर लिहिणार नाही. मुलांनी काट्यावर जे वाचले तेच त्यांनी लिहावे.

प्रश्नचिन्ह

थोडा विरोध नोंदवतो. "पाहणे म्हणजे शिकणे नव्हे" असा या धाग्याचा सूर दिसतो आणि तो मला पटत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेंचे संग्रहालय 1998 सालापासून आहे. तिथे मुले कशालाही हात लावत नाहीत. दिवे मंद होतात, निवेदन सुरू होते आणि त्या छोट्या शहरातून गाड्या सुटतात, सिग्नल पडतात, गाड्या एकमेकींना वाट देतात. मी सातवीत असताना तो खेळ पाहिला आणि एक गाडी थांबल्याशिवाय दुसरी का निघत नाही हा प्रश्न घेऊन घरी आलो. पुढे मी ज्या क्षेत्रात गेलो त्याचे मूळ त्या अर्ध्या तासात आहे. हात लावू दिला असता, तर मी एखादे इंजिन उचलून खिशात घातले असते, एवढेच झाले असते.

सारे काही हाताळता आलेच पाहिजे हा आग्रह धरला की जे हाताळता येत नाही, ते प्रदर्शनातून गळते. वेळापत्रक हाताळता येत नाही. संपूर्ण स्थानकाचे काम एका नजरेत दिसावे लागते.

लोहगामी

प्रश्नचिन्ह, आपला मुद्दा निम्मा मान्य. जोशी संग्रहालय आम्हीही पाहिले आहे आणि मी वर सांगितलेले ते नव्हे, हे स्पष्ट करते. तिथे कोणीतरी कथा सांगतो, म्हणून पाहणारा गुंततो. माझा राग त्या बटणांवर आहे, ज्यांमुळे मुलाला आपण काही केले असे वाटते आणि प्रत्यक्षात त्याने काहीच केलेले नसते. तरीही स्थानक हाताळता येत नाही, हे मला पटत नाही. येथे कोणी सिग्नल विभागातले आहे का?

सांधेवाला

आहे. चौतीस वर्षे सिग्नल खात्यात होतो, आता निवृत्त. स्थानक हाताळता येते, ताई. आम्ही आयुष्यभर तेच केले.

मुलांना इंटरलॉकिंग शिकवा. सिग्नल आणि सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) यांचे खटके एकाच चौकटीत असतात आणि त्यांच्यामध्ये खाचा पाडलेल्या पट्ट्या अशा बसवलेल्या असतात की सांधा योग्य बाजूला वळवून पक्का केल्याशिवाय सिग्नलचा खटका ओढलाच जात नाही. सिग्नल दिल्यावर सांध्याचा खटका अडकून बसतो. माणूस कितीही झोपेत असो वा घाईत, लोखंड त्याला चूक करू देत नाही. हे लाकडात सहज करता येईल: दोन उभ्या पट्ट्या, त्यांना आडवी जाणारी तिसरी आणि योग्य जागी तीन खाचा. सुताराला एक दिवसाचे काम. मुलांना सांगा, "गाड्यांची टक्कर घडवून दाखवा." ती अर्धा तास झटतील आणि टक्कर होणार नाही. मग खाचांची पट्टी काढून घ्या आणि पुन्हा प्रयत्न करायला सांगा.

दुसरी गोष्ट जुन्या हाताच्या सिग्नलची. हात आडवा असेल तर थांबा आणि खाली झुकलेला असेल तर चला, अशी आपल्याकडची बहुसंख्य ठिकाणची रीत होती. मुलांना विचारा की खाली ओढणारी तार तुटली तर काय होईल. हात खाली लोंबेल असे सगळे सांगतात. प्रत्यक्षात मागच्या बाजूचे वजन त्याला पुन्हा आडवा करते. बिघाड झाला तर तो गाडी थांबवण्याच्या बाजूने व्हावा, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. मुलांच्या हाती कात्री आणि सुतळी द्या. सुतळीच तार समजा आणि त्यांनाच ती कापू द्या.

प्रश्नचिन्ह

काका, टक्कर घडवून दाखवा ही कल्पना मला सातवीत कोणी दिली असती तर! माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा राखून ठेवतो.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 2023 साली वंडरलॅब नावाचे दालन सुरू झाले. ते खास मुलांना रेल्वेच्या निमित्ताने अभियांत्रिकी हाताळू देण्यासाठीच आहे. संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे, या दालनाला मात्र तिकीट आहे. बाहेरच्या मोठ्या दालनात मॅलर्ड हे 1938 साली ताशी 203 किलोमीटर वेगाने धावलेले वाफेचे इंजिन उभे आहे आणि मुलगा त्याच्यासमोरून तीन मिनिटांत पुढे गेला. वंडरलॅबमधून त्याला बाहेर काढायला दोन तास लागले. तिथून मी एकच गोष्ट उचलीन: टेबलाजवळ उभा असलेला माणूस काय बोलतो, यावर सगळे ठरते. आम्ही गेलो त्या दिवशीच्या मदतनीस मुलीने एकदाही उत्तर सांगितले नाही, ती फक्त "आता काय बदलून पाहशील?" असे विचारत होती. आपले स्वयंसेवक पालक असतील, तर त्यांना गप्प राहण्याचे शिक्षण आधी द्यावे लागेल. आपल्याकडे ते टेबले बनवण्यापेक्षा अवघड जाईल.

वाफाळ

सगळे खरे, पण वाफेशिवाय रेल्वे कसली? दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात 1855 साली लीड्सला बनलेली फेअरी क्वीन पाहिल्यापासून मला वाटते की पाणी उकळताना आणि दट्ट्या सरकताना मुलांनी पाहायलाच हवा. छोटा बाष्पक मी देऊ शकतो. स्वतः बनवलेला आहे.

सांधेवाला

नम्रपणे विरोध करतो. दाबाखालची वाफ आणि तेरा वर्षांखालील मुले एका खोलीत नकोत, बनवणारा कितीही कुशल असला तरी नकोत. सायकलच्या पंपाच्या हवेवर दट्ट्या चालवा. दट्ट्याला ढकलणारी वाफ आहे की हवा, याची त्याला पर्वा नसते.

वाफाळ

काकांपुढे बोलणे शोभत नाही, म्हणून बाष्पक कपाटातच ठेवतो. पंपावरच्या इंजिनासाठी एक सुचवतो. आधी एकच दट्ट्या आणि चाकाची एकच खुंटी (दट्ट्याचा दांडा चाकाला जिथे जोडतात ती) द्या. खुंटी अगदी टोकाच्या जागी असताना पंप कितीही मारला, तरी चाक हलत नाही, कारण जोर सरळ आसाच्या दिशेने जातो आणि फिरवायला काही उरत नाही. मग मुलांना दुसरा दट्ट्या द्या आणि दुसऱ्या बाजूची खुंटी कुठे बसवायची ते त्यांनाच ठरवू द्या. बहुतेक मुले सायकलच्या पेडलांसारखी ती बरोबर समोर लावतील. तसे केल्यास दोन्ही दट्ट्या एकाच वेळी अडकतात. इंजिनावर दोन बाजूंच्या खुंट्या काटकोनात असतात. एक अडकलेली असते तेव्हा दुसरीचा जोर सर्वाधिक असतो. सायकलला समोरासमोरची रचना चालते, कारण अडकली तर आपण पायाने जमीन ढकलतो. इंजिनाला पाय नाहीत.

कुर्डुवाडीकर

रुळांमधल्या अंतराचे टेबल कोणी सुचवले नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे बार्शी लाइट रेल्वे 1897 साली अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर रुळांवर सुरू झाली आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ती उभारली. आजोबांच्या तोंडून तिच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो. मोठी लाइन 1676 मिलिमीटरची. लहान रूळ कशाला, तर स्वस्त पडतात आणि अवघड जागी झटकन वळतात, एवढे सगळे सांगतात. झटकन का वळतात, हे मात्र दोरीने मोजता येते.

जमिनीवर खडूने पाव वर्तुळाचे वळण काढा, आतला आणि बाहेरचा रूळ दोरीने मोजा आणि दोन लांब्यांतला फरक लिहा. आता तेवढेच अंतर ठेवून कितीतरी मोठ्या त्रिज्येचे वळण काढा. फरक तेवढाच येतो! वळण ऐसपैस असो वा आखूड, मोठ्या लाइनला पाव वर्तुळात सुमारे 2 मीटर 63 सेंटिमीटरचा आणि बार्शी लाइनला सुमारे 1 मीटर 20 सेंटिमीटरचा फरक पडतो. आखूड वळणात हा फरक थोड्याच फेऱ्यांत भरून काढावा लागतो आणि चाकाच्या उताराला ते जमत नाही. अरुंद रुळांना मुळातच कमी भरून काढायचे असते. शाळेतल्या मुलाला वर्तुळाच्या परिघाचे सूत्र यापेक्षा चांगल्या निमित्ताने भेटणार नाही.

लोहगामी

कुर्डुवाडीकर, मी स्वतः अंगणात मोजून पाहिले आणि दुसऱ्यांदा फरक तेवढाच आला, तेव्हा दोरी सैल धरली असेल असे वाटून तिसऱ्यांदा मोजले. हे टेबल पक्के. खरे तर ते टेबल नव्हे, ते सभागृहाची अर्धी फरशी खाणार आहे.

ब्रेकसाठी मी असे योजले आहे: दोन सिरिंज नळीने जोडायच्या, रबर बँडने ब्रेकची पट्टी चाकावर दाबून ठेवायची आणि सिरिंजमधल्या हवेने ती उचलून धरायची. नळी काढली की चाक थांबते. मुलांना आधी विचारायचे की हवा ब्रेक लावते की सोडते. काही चुकते आहे का?

बोगीतळ

डब्यांच्या देखभालीत काम करतो, म्हणून एक दुरुस्ती. तत्त्व बरोबर आहे, पण खऱ्या डब्यात रबर बँडच्या जागी काही स्प्रिंग नसते. गाडीभर जाणाऱ्या ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब असतो आणि प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतःची टाकी असते. नळीतला दाब उतरला की झडप उघडते आणि त्या टाकीतली हवाच ब्रेक लावते. त्यामुळे डबे सुटून वेगळे झाले, तरी प्रत्येक डबा आपापल्या साठ्यावर थांबतो. वेस्टिंगहाउस यांनी 1869 साली बनवलेल्या पहिल्या ब्रेकमध्ये हवा इंजिनातून येऊन ब्रेक लावत असे आणि नळी तुटली की सगळेच संपे. ही उणीव त्यांनी तीन वर्षांनी उलट्या रचनेने दूर केली. आपला रबर बँड म्हणजे ती टाकी, एवढे पाटीवर लिहिले तरी पुरे.

आणि साखळीला विसरू नका. साखळी ओढली की चालकाला निरोप जातो आणि तो गाडी थांबवतो, अशी बहुतेक मोठ्यांचीही समजूत असते. साखळी त्या डब्यावरची एक झडप उघडते आणि नळीतली हवा बाहेर पडू लागते. दाब उतरल्यामुळे ब्रेक लागू लागतात आणि चालकाला ते काट्यावर कळते. आपल्या नळीला मध्ये एक छिद्र पाडून त्यात बूच बसवा आणि बुचाला साखळी बांधा. त्या टेबलावर सर्वांत मोठी रांग लागेल, हे लिहून ठेवा.

घाटमाथा

एक टेबल विनाखर्चाचे. जुन्या जोडरुळांवरचा खटखट आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवा. आपल्याकडचा जोडरूळ 13 मीटरचा. 47 सेकंदांत जितके जोड ओलांडले, तितका ताशी किलोमीटरमध्ये वेग. का, ते मुलांनी काढावे.

बोगीतळ

पुस्ती जोडतो: बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याला, दोन आस असल्यामुळे खटखट असे दोन ठोके लागोपाठ येतात. आपण बसलो त्याखालच्या बोगीची जोडी एक धरायची, नाहीतर गाडी दुप्पट वेगाने जाईल. आता बहुतेक ठिकाणी रूळ लांबच लांब वितळजोड केलेले असतात, त्यामुळे हा आवाज मुलांनी कदाचित ऐकलेलाच नसेल. तेव्हा जोडात फट का ठेवत, हेही तिथेच सांगून टाकावे: तापमान 30 अंशांनी वाढले की 13 मीटरचा रूळ सुमारे साडेचार मिलिमीटर लांबतो.

लोहगामी

काल रंगीत तालीम झाली. पंधरा मुले होती आणि साखळीच्या टेबलावर खरोखरच भांडणे झाली. सिग्नलची सुतळी कापायला मात्र कोणी तयार होईना, कारण मोडतोड केल्याबद्दल आपल्यालाच बोलणी बसतील असे त्यांना वाटत होते. शेवटी एका स्वयंसेवकाने पहिली सुतळी कापली.

अडचण कपांच्या टेबलावर आली. सरळ रुळांवर फुगीर जोडी छान चालली, म्हणून मुलांनी नळ्या वाकवून वळण केले आणि तिथे ती प्रत्येक वेळी बाहेर फेकली गेली. वेग कमी केला, तरी तेच. वळणाची त्रिज्या साधारण 40 सेंटिमीटर आहे. एका मुलीने कपांऐवजी लस्सीचे उंच पेले वापरून पाहावेत असे सुचवले, पण वेळ संपली.

बोगीतळ

मुलगी योग्य दिशेने गेली आहे. हिशेब असा: जोडीला वळणात किती बाहेर सरकावे लागेल, ते रुळांमधले अंतर, कपाची जाडी आणि कपाचा उतार यांवर ठरते. मधल्या जाडीची त्रिज्या 3 सेंटिमीटर, रूळ 8 सेंटिमीटर अंतरावर आणि उतार आठास एकच्या आसपास धरला, तर 2 सेंटिमीटर सरकल्यावर तिला जमणारे सर्वांत आखूड वळण अर्ध्या मीटरच्या जवळपास येते. 40 ला ती पडणारच. उंच पेल्यात सरकायला जागा जास्त असते, त्यामुळे आणखी आखूड वळण जमेल. मात्र पेल्याचा उतार कपाएवढाच आहे ना, ते आधी मोजा. जास्त उताराचा पेला घेतला तर वळण आणखी आखूड चालेल, पण सरळ रुळांवर जोडी जास्त डुलू लागेल. हे डुलणे 1883 साली क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने गणितात मांडले आणि चाके झिजली की वेगात आमच्या डब्यांनाही ते सतावते.

खऱ्या डब्याला वीसास एक उतार आणि कडेपाशी जेमतेम सेंटिमीटरभर मोकळीक असते. हाच हिशेब मांडला तर ढोबळमानाने 800 मीटरपेक्षा आखूड वळणात उतार कमी पडतो आणि कडेला काम करावे लागते. घाटात चाके किंचाळतात ती त्यामुळेच. कप पडतात ते टेबल बंद करू नका. 40 सेंटिमीटरचे आणि मीटरभर त्रिज्येचे अशी दोन वळणे शेजारी ठेवा.

लोहगामी

दुसऱ्या वळणासाठी नळ्या आणायला आत्ताच निघते आहे. लस्सीचे पेले चौकातल्या दुकानदाराने वीस दिले आहेत, पण त्याची अट आहे की त्याच्या नातवाला आधी आत सोडायचे.